पंप नव्हता, तरी पाणी वर कसं चढलं?

मे महिन्यात आमच्या भागातल्या सातवीच्या पोरांना मी विचारलं, "आपल्या घरी पाणी कुठून येतं?" अर्धा वर्ग ओरडला, "टँकर!" मागच्या बाकावरून आवाज आला, "जायकवाडी." दोन्ही उत्तरं बरोबरच म्हणा.

म्हणून आधी त्यांना पाणचक्कीला नेलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटर लांबून मातीच्या नळांतून इथं यायचं, भिंतीत वर चढायचं आणि हौदात कोसळायचं. त्या जोरावर जातं फिरायचं. साहजिकच एकानं विचारलं, "सर, पंप कुठंय?"

माझ्याकडे गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी होती. तिच्यात पाणी भरलं, दोन टोकं दोघांच्या हातात दिली. एकानं टोक खाली नेलं की पाणी तिथून सांडायचं, वर नेलं की दोन्हीकडे एकाच पातळीला थांबायचं. झरा भिंतीच्या माथ्याहून उंच आहे, म्हणून पाणी चढतं. बस्स, एवढंच. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली आणि पुढं नहर-ए-अंबरी बांधली, तीही याच उतारावर चालायची. उत्तरेच्या डोंगरांत जमिनीखाली झिरपलेलं पाणी धरायचं आणि उतारानं गावात आणायचं.

आता जायकवाडी. नाथसागर पूर्ण भरला तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण 464 मीटर. आपलं शहर 568 मीटरच्या आसपास. म्हणजे पैठणहून पन्नासेक किलोमीटर तर आणायचंच, वर शंभर मीटर चढवायचंही. तिथं लाईट गेली की इथं नळाची पाळी हुकते, ती का, हे पोरांना नळीनंच सांगितलं.

मग उताराचं, जवळचं पाणी कुठंय? आपल्या पायाखाली. पण काळ्या पाषाणात पाणी मावत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. जागा थोडी, त्यामुळं विहीर पावसाळ्यात लवकर भरते आणि उन्हाळ्यात लवकर तळ गाठते.

हे पटवायला जवळची एक जुनी विहीर मोजली. दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. दोन गटांच्या आकड्यांत जवळपास तीन फुटांचा फरक! मी दोरीला दोष देत बसलो. एका मुलीनं वह्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "सर, यांनी कठडा वजाच केला नाही." ऑफिसात रोज कोडमधल्या चुका शोधतो मी, आणि ही मला दिसली नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्हीही तेच महिने धरलेत. तुमच्या गल्लीत विहीर असेल, तर आधी कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. आमचा मेचा आकडा वहीत आहे. दोरी त्या मुलीकडे ठेवलीय.