भुताच्या झाडाचा डिंक आणि पोटावरची पिशवी

पानं झडलेलं कांडोळाचं झाड चांदण्यात पांढरंफटक दिसतं, म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याच्या खोडाला खाच पाडली की पाझरणारा डिंक बाजारात कराया नावानं ओळखला जातो. हा डिंक पाण्यात विरघळत नाही. पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. दातांची कवळी बसवायला तो वापरत असतच. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी तो पोटावर आणला, स्टोमाभोवतीच्या कातडीवर. स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. त्यातून येणारा मल गोळा करायला त्यावर पिशवी चिकटवतात.

पिशवीच्या हल्लीच्या चिकट चकतीत, म्हणजे फ्लँजमध्ये, बहुधा पेक्टिन, जिलेटिन असे पदार्थ असतात. काम तेच: ओल शोषायची आणि धरून राहायचं. ओल फार झाली की मात्र चकती भिजते, सुटते.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर प्रकरण अधिक नाजूक. त्यातून येणाऱ्या पातळ मलात पाचकरस असतात आणि त्यांना डाळीतलं प्रथिन काय, कातडीतलं काय, सारखंच. कातडी सोलवटते, लस येते, लसेवर चकती धरत नाही, पुन्हा गळती. इंग्लंडचे सर्जन ब्रायन ब्रुक यांनी 1952 मध्ये आतड्याचं टोक सदऱ्याच्या बाहीसारखं उलटं दुमडून थोडं वर काढलं, ते याचसाठी. मल कातडीवरून न ओघळता थेट पिशवीत पडावा.

घरात गळती झाली की खापर पिशवीवर फुटतं. माझा पहिला संशय मात्र चकतीच्या भोकावर. ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा सहा-आठ आठवड्यांत आक्रसतो, आणि आपण पहिल्याच मापानं चकती कापत राहतो. स्टोमा आणि चकतीची कड यांत दोन-तीन मिलिमीटरच फट हवी. दुसरा संशय आंघोळीनंतरच्या खोबरेलावर. तेलकट, ओलसर कातडीवर काहीच चिकटत नाही. कातडी कोरडी करून चकती लावावी, वर एक-दोन मिनिटं तळहात धरावा. उबेनं ती नीट बसते. बदलायचं काम सकाळी उपाशीपोटी करावं, तेव्हा स्टोमा जरा शांत असतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, वजनानं ती चकतीला ओढते. आणि गळायला लागल्यावर वरून चिकटपट्टी मारू नये. मल आतच कोंडतो.

काढलेली चकती लगेच गुंडाळून फेकू नका. उलटी करून उजेडात धरा. भोकाभोवती सगळीकडे सारखी फुगलेली पांढुरकी कड दिसली, तर बदलायची वेळ बरोबर होती. एकाच बाजूला ओहोळासारखी वाट पडली असेल, तर पोटावर त्या जागी बहुधा घडी आहे. झोपून ती दिसत नाही. आरशासमोर खुर्चीवर बसा, थोडं पुढे वाका. त्या बाजूला कातडी मुडपते ती जागा स्टोमा नर्सला दाखवा. तिथे पेस्ट भरायची, रिंग बसवायची की फुगीर पाठीची चकती घ्यायची, हे ती पाहून सांगेल.