न मोजलेले गुण

२००१चा बेसबॉल हंगाम संपला आणि अमेरिकेतील ओकलंड संघाचा आघाडीचा फलंदाज जेसन गिआंबी श्रीमंत न्यूयॉर्क यांकीज संघाकडे गेला. बेताचा पैसा असलेल्या ओकलंडने नव्या हंगामासाठी संघ उभारायचा कसा?

बेसबॉलमध्ये चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर पडले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, की त्याला पहिला तळ फुकट मिळतो. पारंपरिक सरासरी मात्र ही खेप धरतच नाही. समजा, दोन फलंदाज प्रत्येकी १०० वेळा खेळायला आले. पहिल्याने ३० वेळा फटका मारून तळ गाठला, सरासरी ०.३००. दुसऱ्याने २२ वेळा फटक्याने आणि २० वेळा फुकट तळ गाठला. सरासरी २२ ÷ ८०, म्हणजे ०.२७५. बाजारात पहिला महाग. पण तळावर पोहोचला तो ३० वेळा आणि दुसरा ४२ वेळा!

ओकलंडचे महाव्यवस्थापक बिली बीन यांनी असे ‘दुसरे’ शोधले. कोपराच्या दुखापतीमुळे चेंडू नीट फेकू न शकणारा स्कॉट हॅटेबर्ग त्यांना स्वस्तात मिळाला. २००२मध्ये संघाने १६२पैकी १०३ सामने जिंकले. अर्थात, उत्तम गोलंदाज संघात आधीपासून होतेच. पुढे इतर संघही हे मोजू लागले आणि स्वस्ताई संपली.

आपल्या वर्गात कोणते गुण मोजायचे राहतात, हेही एकदा तपासून पाहावे.