हिब्रू संदेष्ट्यांचा देव संकटातून कसा तारतो?



संकटात देव धावून येतो ही श्रद्धा आपल्याला नवी नाही. गजेंद्राच्या हाकेला धावलेला विष्णू आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या गोष्टींत ऐकला आहे. ख्रिस्ती घरांत हीच आशा 'तारण' या शब्दाने सांगितली जाते आणि तिचे मूळ हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांत आहे. यशया, होशेय आणि येशू ही तिन्ही नावे 'तारणे' या अर्थाच्या एकाच हिब्रू धातूपासून आली आहेत. पण 'देव रक्षण करतो' म्हणजे 'आपल्याला काहीच होणार नाही' असे संदेष्ट्यांना म्हणायचे होते का? दोन प्रसंग पाहू.

यरुशलेम वाचले

इ.स.पूर्व 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. राजा हिज्कीया घाबरला, पण यशयाने त्याला धीर दिला की शत्रू या नगरात शिरणार नाही. पवित्र शास्त्र सांगते की परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरची छावणी उद्ध्वस्त केली आणि सन्हेरीब परत गेला.

सन्हेरीबाची बाजूही आपल्याला वाचता येते. मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभांवर त्याने आपले पराक्रम कोरून घेतले. त्यांपैकी एक स्तंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक शिकागो विद्यापीठाच्या संग्रहालयात आणि एक यरुशलेममध्ये आहे. 46 तटबंदीची नगरे घेतली, हिज्कीयाला कोंडले, खंडणी वसूल केली, असे तो सांगतो. यरुशलेम जिंकले असे मात्र तो कुठेही म्हणत नाही! हिज्कीयाही नुसता हात जोडून बसला नव्हता. नगरात पाणी आणण्यासाठी खडकातून खोदलेला, सुमारे 533 मीटर लांबीचा बोगदा त्याचाच मानला जातो.

यरुशलेम पडले

या सुटकेतून लोकांनी सोयीचा अर्थ काढला: देवाचे मंदिर इथे आहे, तेव्हा आपल्याला धोका नाही. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया त्याच मंदिराच्या दारात उभा राहिला. परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम चालू राहिला तर हे मंदिर तुम्हांला वाचवणार नाही, असे त्याने बजावले. इ.स.पूर्व 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने नगर आणि मंदिर जाळले.

त्याआधीच काही लोकांना बाबेलला नेले होते. दोन वर्षांत सारे परत येतील, असे हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता. यिर्मयाने बाबेलमधील लोकांना पत्र लिहिले: सत्तर वर्षे लागतील. तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपण स्वखुशीने आलो, त्यांना बळाने नेले, हा फरक मोठा आहे. तरी परमुलखात राहणाऱ्याला हे पत्र जवळचे वाटावे असेच आहे. भविष्य आणि आशा देण्याचे जे वचन आज शुभेच्छापत्रांवर छापतात, ते याच पत्रातले. ते ऐकणाऱ्यांपैकी वडीलधाऱ्यांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, हे मात्र कार्डावर नसते.

यशयाच्या 43 व्या अध्यायात पाणी आणि अग्नी यांतून जावे लागेल हे गृहीतच धरले आहे. त्यातून जाताना 'मी तुझ्याबरोबर आहे' एवढे देव सांगतो.

ख्रिस्ती वाचन

'आम्हांबरोबर देव' हाच 'इम्मानुएल' या नावाचा अर्थ. हे चिन्ह यशयाने राजा आहाजला सांगितले. यहुदी परंपरा ते त्याच काळातील बालकाविषयी मानते, तर मत्तयाचे शुभवर्तमान ते येशूच्या जन्माशी जोडते. पुढे येशू वधस्तंभावर असताना बघ्यांनी टोमणा मारला की याचा देवावर भरवसा आहे ना, मग देवाने याला सोडवावे. तेव्हा कोणी सोडवले नाही. तिसऱ्या दिवशी तो उठला. म्हणून ख्रिस्ती विश्वासात तारण मृत्यू टाळून येत नाही, मृत्यूतून पार होऊन येते.

आजारपण आले, नोकरी गेली, मध्यरात्री घरून वाईट बातमीचा फोन आला की कोणीतरी म्हणते, "श्रद्धा कमी पडली." संदेष्ट्यांच्या ग्रंथांत याला आधार नाही. खुद्द यिर्मयाला लोकांनी चिखलाच्या हौदात टाकले होते. त्याला बाहेर काढले ते एबद-मलेख या कूश देशाच्या परक्या माणसाने. दोराने काखा सोलू नयेत म्हणून त्याने आधी जुनी चिरगुटे खाली सोडली! देवाची मदत अशीही येते. आपल्या ओळखीत कोणी हौदात पडले असेल, तर उपदेशाआधी दोर आणि चिरगुटे घेऊन जाऊ या.