घरचा ब्लूटूथ स्पीकर बनवताय? आधी गांधीजींची १ लाखाची अट वाचा

गोष्ट आहे १९२९ सालची. गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. सुधारित चरखा बनवा आणि १ लाख रुपयांचं बक्षीस घेऊन जा. त्या काळात १ लाख म्हणजे आजचे काही कोटीच समजा.

पण अटी वाचल्या की भल्याभल्या इंजिनियरना घाम फुटायचा.

चरखा हलका हवा, उचलून कुठंही नेता आला पाहिजे. खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे. बाईमाणसाला फारसं न थकता सलग ८ तास चालवता यावा. तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये. यंत्र किमान २० वर्षं टिकलं पाहिजे. आणि शेवटची अट सगळ्यात भारी होती : वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको.

यंत्रं पाठवायची मुदत ३० ऑक्टोबर १९३० होती. पुढं बरेच प्रयत्न झाले, पण ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा ब्लूटूथ स्पीकरशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो वर्ध्यातून जातो. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले. त्याच वर्षी जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे सचिव होते. तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या, वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ असे एक ना अनेक प्रयोग तिथं झाले. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आजही तिथं तऱ्हेतऱ्हेचे चरखे बघायला मिळतात. पेटीसारखा मिटवून हातात घेऊन जायचा पेटी चरखा हा तर त्या काळातला ‘पोर्टेबल’ आयटमच. ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही मगनवाडीतच आहे.

या सगळ्यामागचा प्रश्न साधा होता. वस्तू बिघडली तर ती वापरणाऱ्याला उघडता येते का? दुरुस्त करता येते का?

हाच प्रश्न तुमच्या घरात बंद पडलेल्या ब्लूटूथ स्पीकरला विचारून बघा. बहुतेक वेळा त्याचा आवाज करणारा भाग ठणठणीत असतो. मेलेली असते फक्त आतली बॅटरी. पण खोका चिकटवून बंद केलेला, स्क्रू दिसत नाही आणि दुकानदार म्हणतो, “नवीनच घ्या.”

म्हणून घरी स्पीकर बनवायचा तो स्वस्त पडतो म्हणून नाही. बाजारातला सगळ्यात स्वस्त स्पीकर त्याहून कमी पैशांत मिळू शकतो. घरी बनवायचा तो उघडता येतो म्हणून.

तर या स्पीकरमध्ये असतं काय?

फक्त पाच गोष्टी. ब्लूटूथ अॅम्प्लिफायरचा बोर्ड, स्पीकर, लिथियमचा सेल, चार्जिंगचा बोर्ड आणि खोका. जोडीला एक बटण आणि थोडी वायर.

स्पीकर जुन्या टीव्हीतून किंवा कॉम्प्युटरच्या बंद पडलेल्या स्पीकरमधून काढता येतो. बाकीचं सामान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, नागपूरच्या सीताबर्डीत किंवा ऑनलाइन मिळतं.

ब्लूटूथ बोर्ड. मोबाइल गाण्याचे आकडे करतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर सोडतो. वायफायसुद्धा याच पट्ट्यात चालतं. मग गर्दीत गाणं तुटत कसं नाही? तर ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. ७९ चॅनलवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत राहतं. या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या ताकदीला भारतात लायसन्स लागत नाही, म्हणून हा बोर्ड कुणीही वापरू शकतं.

बोर्डाच्या एका टोकाला तांब्याची नागमोडी रेघ दिसते. तोच अँटेना. तो बॅटरी आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवायचा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात स्पीकर बसवायचा मोह अनेकांना होतो, पण पत्रा लहरी अडवतो. मग मोबाइल दुसऱ्या खोलीत नेला की गाणं तुटायला लागतं.

अॅम्प्लिफायर. छोट्या बोर्डांवर बऱ्याचदा ‘पीएएम ८४०३’ नावाची चिप असते. ५ व्होल्ट आणि ४ ओहमच्या स्पीकरवर ती प्रत्येक बाजूला ३ वॅटपर्यंत ताकद देते, पण तेवढं पिळलं की आवाज फाटतो. थेट ३.७ व्होल्टच्या सेलवर चालवली तर ताकद साधारण निम्मी होते.

निम्मी ताकद म्हणजे निम्मा आवाज? नाही. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला जवळपास दहापट ताकद लागते. त्यामुळं निम्म्या वॅटमध्येही फरक थोडाच जाणवतो. खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांना भुलायचं नाही ते याचसाठी.

या चिपमध्ये एक खोच आहे. दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र जोडायच्या नाहीत आणि बॅटरीच्या मायनसलाही लावायच्या नाहीत. तसं केलं तर चिप जळू शकते. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरी वेगळ्या.

स्पीकर. जुन्या स्पीकरवर प्लस-मायनसची खूण पुसली गेली असेल तर घड्याळातला पेन्सिल सेल घ्या आणि क्षणभर वायरींना टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस जिथं लागलंय ते स्पीकरचं प्लस. दोन स्पीकर असतील तर हे तपासणं गरजेचंच. एक उलटा जोडला गेला तर एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो आणि ढोलकीचा ठेका गायब होतो.

आता खोका, खरी गंमत इथं आहे

स्पीकर नुसता हातात धरून गाणं लावलं तर आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा येतो. स्पीकर बिघडलेला नसतो. त्याचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागून तेवढीच ओढतो. १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३.४ मीटर लांब असते. ती तीन इंचाच्या स्पीकरला सहज वळसा घालते, आणि पुढची व मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात. जाड आवाज संपतो, किरकिर उरते.

बुटाच्या खोक्याला गोल भोक पाडून स्पीकर त्यावर दाबून धरा, फरक लगेच कळेल. खोक्याचं काम इतकंच, मागची लहर आत कोंडून ठेवायची.

त्यामुळं खोका जाड प्लायवूडचा किंवा पाण्याच्या जाड पीव्हीसी पाइपचा घ्यायचा. सांधे फेविकॉल किंवा एम-सील लावून बंद करायचे. कुठं फट राहिली तर तिथून फुसफुस ऐकू येते. मागची बाजू मात्र चिकटवायची नाही, ती स्क्रूनं बसवायची. आधीच्या स्पीकरचं काय झालं ते आठवतंय ना?

आत आवाज घुमू नये म्हणून मोठ्या स्पीकरमध्ये फायबर भरतात. वर्धा जिल्ह्यात त्यासाठी लांब जायची गरज नाही. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस सैलसर भरला तरी काम होतं. फक्त कापूस पेटतो, म्हणून सेल आणि चार्जिंगचा बोर्ड मध्ये फळी टाकून वेगळ्या कप्प्यात ठेवायचे.

सेल : इथं चूक चालत नाही

या कामात सर्रास वापरतात तो सेल म्हणजे ‘१८६५०’. नावातच माप आहे : १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. सरासरी व्होल्टेज ३.७, पूर्ण भरला की ४.२. त्याहून जास्त भरला किंवा फार रिकामा केला तर तो खराब होतो, आणि वाईटात वाईट म्हणजे पेट घेऊ शकतो.

म्हणून मोबाइलच्या चार्जरच्या वायरी थेट सेलला कधीच लावायच्या नाहीत. मध्ये ‘टीपी ४०५६’ चिपचा चार्जिंग बोर्ड घ्यायचा. तोही संरक्षण सर्किट असलेला, म्हणजे ज्यावर बी प्लस, बी मायनस, आऊट प्लस, आऊट मायनस असे चार जोड असतात तो. सेल ‘बी’ला, अॅम्प्लिफायर ‘आऊट’ला. मध्ये बटण.

चार्ज होताना गाणी लावू नका. सेल भरत आला की त्यात जाणारा करंट कमी होतो आणि तो ठरावीक पातळीच्या खाली गेला की बोर्ड चार्जिंग थांबवतो. त्याच वेळी स्पीकर करंट ओढत असेल तर सेल भरलाय हे बोर्डाला कळत नाही.

सेल घेताना फसवणूकही होते. ९,९०० मिलीअँपिअर-अवर छापलेले १८६५० सेल बाजारात दिसतात. खरं तर नामांकित कंपन्यांचे चांगले सेलही ३,५००, फार तर ४,००० च्या आसपास असतात. वजन करून बघा. चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढं भरतो, खोटा बराच हलका लागतो.

२,२०० चा सेल घेतला तर हिशोब असा : २.२ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ८ वॅट-अवर. घरात मध्यम आवाजात स्पीकर सरासरी १ वॅट खातो असं धरलं तर वाया जाणारी ऊर्जा वजा करून ६ ते ७ तास गाणी वाजतात.

सेलला थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेनं आतला भाग बिघडतो. प्लास्टिकचा होल्डर वापरा. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला, गंजलेला, चेपलेला किंवा गरम होणारा सेल नको. दोन वेगवेगळे सेल जोडायचे नाहीत. फुगलेली बॅटरी दिसली तर तिला टोचायचं नाही, घरात ठेवायचं नाही.

आणि वर्ध्याचं ऊन

बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तोही सावलीतला. टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत किती होत असेल याचा अंदाज बांधा. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी, घरात, फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर ठेवून झोपून जायचं नाही.

जोडून झाल्यावर

सेल बसवण्यापूर्वी प्लस-मायनस दोनदा तपासा. आवाज सुरुवातीला कमी ठेवा. गाणं बंद असताना बारीक ‘कीsss’ ऐकू आली तर ब्लूटूथचा खडखडाट अॅम्प्लिफायरमध्ये शिरतोय. अॅम्प्लिफायरच्या प्लस-मायनसवर १,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सरळ बाजूनं जोडला तर बऱ्याचदा तो कमी होतो. आवाज वाढवला की स्पीकर बंद होऊन पुन्हा चालू होत असेल तर सेल दमलाय किंवा वायर बारीक आहे.

मग गांधीजींच्या अटीचं काय झालं?

समजा, सगळं मिळून १,००० रुपये लागले. ५ टक्के म्हणजे वर्षाला ५० रुपये. या स्पीकरमध्ये सगळ्यात आधी थकणार तो सेल. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाला की तो कमी टिकायला लागतो. आठवड्यातून दोनदा चार्ज केला तर तीन वर्षं आरामात निघतात. नवा सेल १५० रुपयांना मिळाला असं धरलं तर खर्च पडला वर्षाला ५० रुपये. बरोबर ५ टक्के. तेही चार स्क्रू काढून, घरच्या घरी.

चिकटवलेल्या स्पीकरमध्ये तोच सेल मेला की १०० टक्के खर्च.

आज सरकारही याच दिशेनं बोलतंय. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्रानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्याच वर्षी आलेल्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्यामुळं मेलेला सेल घंटागाडीत टाकू नका. दोन्ही टोकांना टेप लावा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडं द्या.

मगन संग्रहालयात गेलात तर चरखे जरा जवळून बघा. चाक, माळ, चाती सगळं उघड्यावर असतं. कुठं काय अडलंय ते बघताच कळतं. तुमच्या स्पीकरची मागची फळी स्क्रूनं बसवलेली असेल तर तुमच्यानंतर तो ज्याच्या हातात जाईल त्यालाही तसंच कळेल.