मॉर्फिनचे कुलूप आणि ट्रॅमाडॉलची चिठ्ठी

धुळे जिल्ह्यात 'एनडीपीएस' ही अक्षरे बहुतेकांना वृत्तपत्रातील गुन्हेवार्तांतूनच परिचित झालेली असतात. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतील गांजाची शेती उपटली गेली, किंवा 'कुत्ता गोळी' या नावाने चोरून विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामच्या पट्ट्या जप्त झाल्या, की बातमीच्या शेवटी गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याचे नाव येते. त्यामुळे तापीकाठच्या शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या घरात तंबाखूमुळे जबड्याचा कर्करोग झालेल्या माणसाला डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवले, तर घरच्यांना आधी पोलीस आठवतात आणि दुखणे नंतर आठवते. वेदनाचिकित्सक, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनेवर उपचार करणारे डॉक्टर, ज्या कायद्यांच्या चौकटीत काम करतात ती चौकट गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच बदलली आहे. पण लोकांची, आणि खरे सांगायचे तर अनेक डॉक्टरांचीही, समजूत जुन्याच ठिकाणी थांबली आहे.

यांतला सर्वांत पक्का समज म्हणजे मॉर्फिनवर भारतात बंदी आहे, हा. वस्तुतः या अधिनियमाच्या ज्या आठव्या कलमाने अशा द्रव्यांचे उत्पादन, विक्री आणि बाळगणे निषिद्ध ठरवले, त्याच कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक प्रयोजनाचा अपवाद नमूद आहे. अडचण कलमात नव्हती, ती परवान्यांत होती. १९८५ नंतर प्रत्येक राज्याने आपापले नियम केले, एका रुग्णालयाला थोड्याशा गोळ्यांसाठी वेगवेगळ्या कार्यालयांतून अनेक परवाने एकाच वेळी वैध ठेवावे लागत, आणि माल परराज्यातून आणायचा तर त्याची परवानगी निराळी. मुंबई-आग्रा महामार्गाने नरडाण्याहून शिरपूर, सेंधवा करीत उत्तरेला गेले की पुढे माळवा लागतो. त्याच माळव्यात नीमच आणि मंदसौर या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूपासून मॉर्फिनसारखी द्रव्ये काढली जातात. म्हणजे ज्या देशात कायदेशीर अफू पिकते आणि निर्यातही होते, त्याच देशातील रुग्ण त्या अफूच्या अर्कावाचून तळमळत होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार भारतात वैद्यकीय गरजेच्या जेमतेम चार टक्के इतकेच ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामक, उपलब्ध होते.

ही गाठ २०१४ च्या दुरुस्तीने सैल केली. संसदेने 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा नवा वर्ग निर्माण केला, आणि मे २०१५ मध्ये केंद्राने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी देशभर एकच नियमावली लागू केली. तिच्यानुसार रुग्णालयाला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' हा दर्जा राज्याच्या औषध नियंत्रकाकडून घ्यावा लागतो (महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे येते), तेथे वेदनाशमन व उपशामक उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो आणि साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब म्हणजे काही अगम्य प्रकार नव्हे. कुलूपबंद कपाटाशेजारच्या नोंदवहीत आरंभीची शिल्लक, आलेल्या गोळ्या, दिलेल्या गोळ्या आणि अखेरची शिल्लक एवढेच रोज लिहायचे असते. किराणा दुकानदाराला यात नवे काही वाटणार नाही. तरीही एखादी गोळी कमी भरली तर थेट तुरुंग, या भीतीपोटी कित्येक रुग्णालये अर्जच करीत नाहीत. परवानाधारकाने हिशेब न ठेवल्यास किंवा खोटा ठेवल्यास सव्विसाव्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, हे खरे. परंतु तस्करीसाठीच्या दहा-वीस वर्षांच्या शिक्षा आणि हे कलम यांची गल्लत करण्याचे कारण नाही.

मॉर्फिन सुरू झाले की व्यसन लागते, हा दुसरा समज तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्याने टिकून राहिला आहे. काही काळाने त्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागणे ही शरीराची सवय होय. औषध एकदम थांबवल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता उद्भवणे हे शारीरिक अवलंबित्व होय, आणि मात्रा हळूहळू उतरवून ते टाळता येते. व्यसन मात्र नुकसान दिसत असूनही औषधामागे धावण्याच्या अनिवार ओढीला म्हणतात, आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत ते क्वचित आढळते. साध्या दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे दिली जाते, आणि सोबत पोट साफ राहण्याचे औषध जवळजवळ नेहमीच द्यावे लागते, कारण गुंगी व मळमळ काही दिवसांत ओसरली तरी बद्धकोष्ठ ओसरत नाही. नवख्या डॉक्टरची चूक बहुधा इथेच होते: गोळीची चिठ्ठी नीट लिहिली जाते, रेचक राहून जाते, आणि चौथ्या दिवशी रुग्ण स्वतःच औषध सोडून देतो. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला, हेही खरे नाही. मात्रा दुखण्यावर ठरते, उरलेल्या दिवसांवर नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कपाशी वेचून वाकलेल्या पाठीला किंवा झिजलेल्या गुडघ्याला मॉर्फिन हे उत्तर नव्हे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून कर्करोगाखेरीजच्या जुनाट दुखण्यांवर ओपिऑइड सढळ हाताने लिहिली गेली, त्यातून लाखो मृत्यूंचे संकट उभे राहिले, आणि म्हणूनच अशा रुग्णाला वेदनाचिकित्सक व्यायाम, मज्जातंतूंवर काम करणारी औषधे किंवा विशिष्ट नसेजवळ द्यावयाचे इंजेक्शन हे मार्ग आधी सुचवतो.

गंमत अशी की ज्या गोळीची कोणाला धास्ती वाटत नाही, तिच्याभोवतीचाच फास या काळात आवळला गेला. 'साधी दुखण्याची गोळी' म्हणून मेडिकल दुकानात मागितले जाणारे ट्रॅमाडॉल हेही ओपिऑइडच आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषधविक्रीच्या नियमांतील एच-१ अनुसूचीत त्याचा समावेश झाला, म्हणजे दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि नग स्वतंत्र वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. पुढे एप्रिल २०१८ मध्ये ते १९८५ च्या अधिनियमाखालीही मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ म्हणून अधिसूचित झाले. याउलट अल्प्राझोलाम, अर्थात ती कुत्ता गोळी, ही वेदनाशामक नाहीच. चिंता व निद्रानाशावरचे ते शामक औषध आहे, आणि ओपिऑइडबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो.

वेदनाचिकित्सक हा बहुधा मूळचा भूलतज्ज्ञ असतो, त्यामुळे शस्त्रक्रियेवाचून त्याच्याकडे कशाला जायचे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु नसा बधिर करण्याची जी विद्या तो शस्त्रक्रियेसाठी शिकतो, तीच स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटामागील मज्जातंतूंच्या जाळ्यावर वापरली जाते. त्यासाठी लागणाऱ्या सी-आर्म या क्ष-किरण यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते, आणि सोनोग्राफीचे यंत्र आणले तर गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा लागू होतो, मग त्या यंत्राखाली आयुष्यभर केवळ खांदे आणि गुडघे येणार असले तरी. यंत्र गर्भ पाहू शकते एवढे कायद्याला पुरते. स्त्रीभ्रूणहत्येचा इतिहास पाहता ही कडक नजर समजण्याजोगी आहे. पण त्यामुळे यंत्र पिशवीत घालून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या गावी नेता येत नाही.

शेवटचा समज मोबाइलने आणला. व्हिडिओवर तज्ज्ञ भेटतो, मग मॉर्फिनची चिठ्ठीही तिथूनच मिळेल, असे अनेकांना वाटते. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी एक्स अनुसूचीतील औषधे आणि १९८५ च्या अधिनियमातील गुंगीकारक वा मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ दूरवरून लिहून देण्यास मनाई केली आहे, आणि ट्रॅमाडॉलही आता त्याच यादीत बसते. पडद्यावर रुग्ण अहिराणीत 'दुखस' म्हणतो, ते तज्ज्ञाला ऐकू येते; किती, कुठे, रात्री झोप लागते का, शौचाला होते का, हे विचारून तो रेचकाची मात्रा तिथल्या तिथे वाढवू शकतो, पॅरासिटामॉल लिहू शकतो; मॉर्फिनची पुढची पट्टी हवी असेल तर मात्र प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या डॉक्टरच्या सहीची कागदी चिठ्ठी लागते.