काठी नको, खूण हवी

साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. या ठिकाणाला संगम माहुली म्हणतात. तेथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. जवळच त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीच्या वेळी या कुत्र्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले, अशी हकीकत सांगतात. सांगली जिल्ह्यात जत, आटपाडीच्या माळरानावर आजही धनगरांच्या कळपाबरोबर कुत्री राखणीला असतात. कुत्रा हा माणसाचा असा जुना सोबती आहे. पण त्याला माणसाची भाषा येत नाही. मग त्याला शिकवायचे कसे?

पुष्कळ लोक काठी उगारतात. आमच्या वर्गातील एका मुलानेही तेच केले. त्याचे घर रस्त्याच्या कडेला होते. त्याचा मोती प्रत्येक स्कूटरच्या मागे धावे. मार खाऊन मोती एकच गोष्ट शिकला : काठी दिसली की पळायचे! एकदा तो एस.टी.च्या चाकाखाली येता येता वाचला. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, आता याला काय करू?" मी त्याला माझे बटणाचे बॉलपेन दिले.

या शिक्षणात आवाजाची खूण वापरतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतील हवाई बेटांवर कॅरन प्रायर या बाईंनी डॉल्फिन माशांसारख्या दिसणाऱ्या, पण मासे नसलेल्या जलचरांना शिट्टीच्या खुणेने शिकवले. कुत्र्यांसाठी 'टक्' असा आवाज करणारी छोटी डबी वापरतात. तिला क्लिकर म्हणतात. क्लिकर नसेल तर बॉलपेनचे बटणही चालते.

पहिल्या दिवशी फक्त 'टक्' करावे आणि लगेच भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा द्यावा. असे दहा-पंधरा वेळा केले, की 'टक्' म्हणजे खाऊ, हे कुत्र्याला कळते. मग तुकडा त्याच्या नाकावरून हळूहळू मागे न्यावा. मान वर जाते आणि कुत्रा आपोआप खाली बसतो. तो बसला, की त्याच क्षणी 'टक्' करावे. खिशातून खाऊ काढेपर्यंत कुत्रा पुन्हा उठतो. म्हणून नेमके काय बरोबर होते, हे आवाजच त्याला सांगतो. उशीर झाला, तर कुत्रा उठायला शिकेल! चूक झाली तर मारू नये. फक्त 'टक्' करू नये आणि खाऊ देऊ नये.

त्या मुलाने अंगणात गोणपाट अंथरले. मोतीने त्यावर पाय ठेवला की 'टक्', बसला की 'टक्', थोडा वेळ थांबला की 'टक्'. मोतीच्या गळ्यात दोरी असेच. आधी लांबच्या गाडीचा आवाज, मग जवळच्या गाडीचा, असा रोज पाच-दहा मिनिटे सराव चाले. काही आठवड्यांनी स्कूटरचा आवाज आला, की मोती गोणपाटावर जाऊन बसू लागला.

मित्रांनो, काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. तासगावची द्राक्षे आणि बेदाणे आपल्याला आवडतात. पण त्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. चॉकलेट आणि कांदाही त्याला देऊ नये. कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नये. कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि ताबडतोब दवाखान्यात जावे.

त्या मुलाच्या घरी मी एकदा गेलो. जुनी काठी अजून होती. पण ती दोन विटांवर आडवी ठेवलेली होती. मुलाने खूण करताच मोतीने तिच्यावरून उडी मारली आणि शेपटी हलवत तो खाऊसाठी उभा राहिला.