न्हाणीघरातील मिक्सर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परळी तालुक्यातील धर्मापुरी येथे केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर ज्या काळ्या पाषाणभूमीवर उभे आहे, तिच्याच भेगांतून झिरपून बोअरमध्ये येणारे पाणी खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते. हे पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर गीझरमध्ये, नळीत आणि थंड व ऊन पाणी एकत्र करणाऱ्या शॉवरच्या मिक्सरच्या अरुंद वाटांत बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅम आहे; अर्थात पिण्यास चालणारे पाणीही मिक्सरला जाचक ठरू शकते. तेव्हा मिक्सर बिघडताच ‘माल हलका निघाला’ असा जो शेरा मारला जातो, तो पुष्कळदा अनाठायी असतो.

याहून खर्चाचा समज असा, की शॉवर ठिबकू लागला म्हणजे फरशी फोडून सबंध मिक्सर बदलणे क्रमप्राप्त आहे. वस्तुतः पितळी अंग सहसा शाबूत असते. झिजतो तो आतील भाग, म्हणजे दोन मुठींच्या जुन्या मिक्सरमध्ये स्पिंडलच्या टोकाचा रबरी वायसर, आणि एका दांडीच्या मिक्सरमध्ये एकमेकींवर सरकणाऱ्या सिरॅमिक चकत्यांची कार्ट्रिज. भिंतीत गाडलेल्या मिक्सरचीही कार्ट्रिज समोरूनच निघते. प्रथम गीझरची वीज आणि टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करावा, उरलेले पाणी वाहू द्यावे, मग दांडीतील बारीक स्क्रू सैल करून वरची टोपी उतरवावी व कार्ट्रिजला दाबून धरणारी पितळी कडी पान्याने फिरवावी. बाजारात 35 व 40 मिलिमीटर व्यासाच्या कार्ट्रिज सर्रास मिळतात, परंतु तळाच्या छिद्रांची रचना कंपनीगणिक भिन्न असल्याने जुना नमुना हाती घेऊनच दुकानात जाणे इष्ट.

ठिबक थांबावी म्हणून मूठ जोराने आवळण्याची सवय मात्र घातकच. तीमुळे वायसर चिरडतो, पुढे त्याची पितळी बैठकही चरते, आणि मग नवा वायसरही निरुपयोगी ठरतो. टेफ्लॉन टेपची मातब्बरी आट्यांच्या सांध्यापुरती आहे, आतल्या गळतीवर तिचा इलाज चालत नाही. ‘थेंबभर पाण्याने काय होते’ असे म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला, तरी सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 4 लिटरांहून अधिक पाणी. ज्या मुलखात 2013 साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले आणि 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा हिशेब क्षुल्लक मानता येत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा कोमट पाण्याच्या तक्रारीत होतो. दोष गीझरचाच, असे गृहीत धरून त्याचे एलिमेंट बदलले जाते, आणि पाणी कोमटच राहते. कारण कार्ट्रिजमधील रबरी कडी झिजली, किंवा मिक्सर उघडा ठेवून पाणी केवळ हँडशॉवरच्या बटणाने बंद केले, तर अधिक दाबाचे थंड पाणी मिक्सरच्याच वाटेने ऊन पाण्याच्या नळीत उलटे शिरते. याची परीक्षा सोपी आहे. गीझरची वीज बंद करून त्याला थंड पाणी देणारा कॉक फिरवून बंद करावा आणि बेसिनचा केवळ ऊन पाण्याचा नळ उघडावा. थोड्या वेळाने धार थांबली तर मिक्सर बहुधा निर्दोष, अखंड वाहत राहिली तर थंड पाणी कोठल्या तरी मिक्सरमधून शिरत आहे. मग एकेका मिक्सरचा कॉक बंद करीत जावे, म्हणजे ज्याच्यापाशी धार थांबते तो दोषी. ऊन पाण्याची धार केवळ बारीक असेल, तर मात्र मिक्सरवर ठपका ठेवण्यापूर्वी दाब पाहावा: 3 मीटर उंचीवरील टाकीचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.3 किलोग्रॅम इतकाच असतो, आणि थंड पाणी पंपाने व सोलरचे ऊन पाणी केवळ उताराने येत असेल, तर नवी कार्ट्रिजही त्यांचा मेळ घालू शकत नाही.

थर काढण्यासाठी संडास धुण्याचे अ‍ॅसिड वापरू नये. ते क्रोमचा मुलामा व पितळ दोन्ही खाते, आणि ब्लीचिंग पावडरशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू उत्पन्न होतो. जाळी व सुटे भाग पातळ व्हिनेगरात किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवून धुतले, तर थर विरघळतो. जोडणी पूर्ण झाल्यावर गीझरमध्ये पाणी भरल्याची खातरजमा करूनच वीज चालू करावी, आणि शॉवरखाली उभे राहण्यापूर्वी पाणी हाताने पाहावे, कारण 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते.

फरशी फोडण्याचा प्रसंग खरोखर येतो तो एवढ्याचसाठी, की शॉवर कोरडा असूनही भिंतीला ओल धरते आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर ती हळूहळू आटते. अशा वेळी भिंतीतील नळीला किंवा मिक्सरच्या अंगालाच चीर गेलेली असण्याचा संभव मोठा असतो, आणि ते काम जाणत्या प्लंबरकडे सोपवावे.